मोजमाप पुस्तकाबाहेरचे हात

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेचा बोरघाटातला पावणेसोळा मैलांचा चढ हे त्या काळातल्या अतिशय अवघड बांधकामांपैकी एक होते. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि १,८३१ फुटांची चढण. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने हे काम विल्यम फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराला दिले आणि १८५६ च्या सुरुवातीला घाटात सुरुंग फुटू लागले. फॅव्हिएलने काम पोटकंत्राटदारांना वाटून दिले, त्यांनी मुकादमांना, मुकादमांनी टोळ्यांना. वरून निघालेला पैसा या उतरंडीत जागोजागी अडत गेला. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला. त्यात एक युरोपीय माणूस मारला गेला. चौकशीत मजुरांची तक्रार खरी असल्याचे दिसले. फॅव्हिएलने त्याच वर्षी कंत्राट सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर थोड्याच काळात वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, दोन अनुभवी अभियंत्यांच्या हाती कारभार सोपवून ते कंत्राट पुरे केले. १८६१ मध्ये घाटात एकाच वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकीच्या साथींनी त्यांतली कितीतरी माणसे नेली. १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली.

या उद्रेकानंतर सरकारने जे केले ते माझ्या मते आपल्याकडच्या बांधकाम व्यवसायाच्या इतिहासातले फार महत्त्वाचे पाऊल आहे. १८६० चा नववा कायदा झाला. रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक कामांवरचे मजूर आणि त्यांचे मालक यांच्यातले मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकाली काढावेत, असा त्याचा हेतू होता. बांधकाम रखडते ते मजुरी रखडते म्हणून, हे सरकारने इथे प्रथमच मान्य केले. पण त्याच कायद्याने काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला गुन्हेगार ठरवण्याचीही सोय केली. मालकाने पैसे बुडवले तर त्याच्याकडून वसुली, मजुराने काम सोडले तर त्याला तुरुंग, असा हा तराजू होता. हा कायदा १९३२ पर्यंत पुस्तकात राहिला. रोगाचे निदान बरोबर आणि औषध मात्र रोग्यालाच शिक्षा करणारे, हा घोळ तेव्हापासून पुढे अनेकदा झालेला दिसतो.

गेल्या पावणेदोनशे वर्षांत सरकारने बांधकाम सुधारावे म्हणून काही केले नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. खाती काढली, महाविद्यालये काढली, नियमावल्या छापल्या, महामंडळे उभारली, कायदे केले, निविदा संगणकावर आणल्या. माझे म्हणणे एवढेच आहे की यांतले बहुतेक प्रयत्न कागद, किंमत आणि देखरेख सुधारण्यासाठी होते. प्रत्यक्ष दगड बसवणाऱ्या, स्लॅब ओतणाऱ्या माणसाचे कौशल्य आणि त्याची मजुरी या दोन गोष्टी सरकारी हिशेबाच्या बाहेर राहिल्या. जिथे त्या हिशेबात आल्या तिथे बांधकाम टिकले. जिथे आल्या नाहीत तिथे तीच दुखणी पुन्हा उपटली.

डलहौसीच्या काळात, १८५४ च्या सुमारास, सार्वजनिक बांधकाम खाते लष्करी मंडळापासून वेगळे होऊन उभे राहिले. त्याच वर्षी पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले. आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा उगम तो. इमारती, धरणे, कालवे, रेल्वे, पूल यांवर लागणारे दुय्यम अधिकारी तयार करणे हे त्याचे उघड उद्दिष्ट होते. अधिकारी आणि मजूर यांच्यामधली पायरी, म्हणजे ओव्हरसियर, सरकारला हवी होती आणि ती सरकारने चांगली घडवली. पुण्यातून निघालेल्या माणसांनी पुढे पश्चिम भारतात केवढी तरी कामे उभी केली. पण त्याखालची पायरी, म्हणजे गवंडी, पाथरवट, बेलदार, वडार, सुतार, यांना आपापल्या जातीच्या आणि मुकादमाच्या हवाली केले गेले. कारागीर आपोआप मिळतो, फक्त त्याच्यावर नजर ठेवणारा घडवावा लागतो, ही समजूत तिथे पक्की झाली.

ती समजूत किती महाग पडते हे बोरघाटानेच लवकर दाखवले. रेल्वे कंपन्यांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती, म्हणून खर्चाच्या बारीकसारीक बाबींनाही सरकारी सल्लागार अभियंत्याची मंजुरी लागे. एवढा दुहेरी पहारा असूनही १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला ‘महू की मल्ली’ हा भला मोठा दगडी पूल, खुला झाल्यावर चार-पाच वर्षांतच, कोसळला. कंपनीच्या इतर दगडी कामांचीही मग तपासणी झाली आणि निकृष्ट दगडकामाचा प्रश्न एका पुलापुरता नसल्याचे कळले. पैशावर नजर होती, दगडावर नव्हती. दर्शनी चिरा घडीव आहे की नाही हे कागदावर टिपता येते. आतला भराव नीट दाबला आहे का, चुना पुरेसा मुरला आहे का, हे ज्याचे हात त्यात असतात त्यालाच माहीत असते. त्या हातांना घाई करायला लावली, मजुरी अडवली, आणि कसलेल्या गवंड्याच्या जागी मिळेल तो माणूस लावला, तर वरच्या दहा सह्यांनी भिंत मजबूत होत नाही.

याच मुंबईत याच्या उलट घडलेले उदाहरणही आहे, आणि ते रोज लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर असते. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेली कलाशाळा पुढे सरकारने आपल्याकडे घेतली. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग तिथे आले आणि इमारतींच्या शिल्पकामाचे शिक्षण कार्यशाळेत प्रत्यक्ष कामातून देण्याची पद्धत रुजली. क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पे त्या काळातली. १८७८ मध्ये बोरीबंदरचे नवे स्थानक उभारायला घेतले तेव्हा वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्याबरोबर सीताराम खंडेराव आणि जनार्दन ही मराठी माणसे साहाय्यक म्हणून होती आणि नक्षीकामासाठी याच कलाशाळेचे विद्यार्थी होते. दहा वर्षांनी, १८८८ मध्ये, इमारत पुरी झाली; खर्च सोळा लाख रुपयांच्या थोडा वर. दगडातली पाने, माकडे, मोर, माणसांचे चेहरे आज दीडशे पावसाळ्यांच्या जवळ येऊनही रेखीव आहेत. राजमुद्रेचे स्थानक म्हणून पैसा सढळ होता हे खरे. पण पैसा बोरघाटातही कमी नव्हता. फरक असा की इथे सरकारने हात घडवण्यासाठी खर्च केला होता आणि त्या हातांना कामाच्या आराखड्यात जागा होती. ही गोष्ट सार्वजनिक कामाचा नियम व्हायला हवी होती. ती शोभेच्या इमारतींपुरता अपवाद ठरली. गटार, चाळ, पूल, शाळा यांच्या गवंड्याला तसे शिक्षण द्यावे असे कोणाला वाटले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने निराळाच मार्ग धरला. मुंबईतली घरटंचाई मोडायला गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसवून पन्नास हजार गाळे बांधायचे आणि बॅक बेत समुद्र हटवून ११४५ एकर जमीन करायची, असा बेत होता. प्रत्यक्षात नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी आणि सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या. वरळीच्या कितीतरी खोल्या भाडेकरूंवाचून वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या, कारण गिरण्या दूर आणि सोयी अपुऱ्या. भरणीच्या कामात समुद्रभिंतीतून गाळ निसटत राहिला, अंदाजपत्रक फुगत गेले, आणि खुर्शेद नरिमन यांनी खात्याच्या कारभाराचे वाभाडे काढले. १९२६ मध्ये चौकशी समिती बसली. नरिमन यांच्यावर एका अभियंत्याने बदनामीचा खटला भरला, त्यातून ते निर्दोष सुटले. भरणी अखेर ठरल्याच्या निम्म्याहूनही कमी झाली. खात्याचे अपयश अनेकांनी भ्रष्टाचारात शोधले. मला त्यामागे आणखी एक गोष्ट दिसते. खोलीत राहणारा कामगार आणि खोली बांधणारा कामगार या दोघांनाही विचारल्याशिवाय आकडा ठरला होता, आणि आकडा गाठणे हेच यशाचे माप मानले होते.

स्वातंत्र्यानंतर आकड्यांचा हा ओढा वाढला. दिल्लीत सरकारी कारखान्यात घरांचे तयार भाग बनवण्याचा प्रयोग झाला. भिंतींच्या फळ्या टिकेनात आणि घरांचा तो बेत गुंडाळावा लागला. महाराष्ट्रात १९६३ मध्ये सदनिका विकणाऱ्यांवर बंधने घालणारा कायदा झाला, पुढे म्हाडा आली. पण या काळातल्या ज्या दोन गोष्टींकडे बांधकामाच्या दृष्टीने पाहायला हवे होते, त्या बांधकामाच्या म्हणून कोणी पाहिल्याच नाहीत.

पहिली म्हणजे १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्याने एक अगदी व्यवहारी युक्ती केली. मालक अनेक, हमाल फिरते, मुकादम मधला. मग मजुरी मुकादमाच्या हातात जाऊच द्यायची नाही. मालकाने मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने ती नोंदलेल्या कामगाराला द्यायची. फिरत्या, असंघटित माणसाला भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना मिळाला तो यातून. दुसरी म्हणजे १९७२ चा दुष्काळ. मे १९७३ च्या सुमारास राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या विचाराची रोजगार हमी पक्की झाली आणि १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे रूप दिले. या कामांवर कंत्राटदार नव्हता. मातीचे मोजमाप होऊन दर ठरे आणि मजुरी थेट मजुराला मिळे. हजेरीपटांत खोटेपणा झाला, काही तलाव अर्धवट राहिले, हे मान्यच आहे. तरी सरकारी यंत्रणा लाखो मजुरांपर्यंत मधल्या माणसाशिवाय पैसे पोचवू शकते हे त्या काळाने सिद्ध केले. नाक्यावर उभा राहणारा बिगारी आणि बाजारातला माथाडी यांच्या स्थितीत फार अंतर नाही. तरी बांधकामाला ही पद्धत लावायची इच्छाशक्ती दिसली नाही.

लावली ती अर्धी. १९९६ मध्ये केंद्राने इमारत आणि इतर बांधकाम कामगारांचा कायदा केला आणि बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवला. महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये आले, मंडळ २०११ मध्ये. उपकर गोळा होत राहिला. कामगार मात्र नोंदणीविना राहिले, कारण नव्वद दिवस काम केल्याचा दाखला त्याने मागायचा कोणाकडे, तर ज्याचे नावही त्याला धड माहीत नाही त्या ठेकेदाराकडे. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात देशभरातला हिशेब पुढे आला: जमा ३७ हजार कोटींहून अधिक, खर्च साडेनऊ हजार कोटींच्या आसपास. न्यायालयाने त्याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. २०२० च्या श्रमसंहितांनी हा कायदा आपल्यात सामावून घेतला, उपकराचे तत्त्व तेच ठेवले. इथे मजुरी मंडळातून जात नाही, फक्त कल्याण जाते. म्हणून कामगाराला मंडळाशी रोजचा संबंध ठेवण्याचे कारणच उरत नाही. माथाडी कायद्याचा प्राण नेमका वगळला गेला. २०१६ च्या रेरा कायद्याशी तुलना केली म्हणजे हे जास्त खुपते. ग्राहकाकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवा, पाच वर्षांत दोष निघाला तर फुकट दुरुस्त करा, असे बिल्डरला सांगायला सरकार कचरले नाही, आणि ते योग्यच झाले. मग त्याच खात्यातून गवंड्याची मजुरी आधी निघावी असे सांगायला काय हरकत होती?

इथे पहिला आक्षेप सरकारी खात्यातला कोणीही अनुभवी अभियंता घेईल. सर्वांत कमी दराच्या निविदेची पद्धत सदोष असेल, पण तिच्यामुळे साहेबाच्या मर्जीला लगाम बसतो. दर्जासाठी गुण द्यायचे ठरवले की गुण देणाऱ्याच्या हाती सत्ता जाते. या आक्षेपात तथ्य आहे, आणि आपल्या देशाचा अनुभव पाहता तो हलक्यात घेऊ नये. पण कमी दराची निविदा मर्जी थांबवते तेव्हा ती दुसरीकडे दार उघडते. दरसूचीपेक्षा पंधरा-वीस टक्के ‘बिलो’ जाणारा ठेकेदार ती तूट सिमेंटच्या किंवा डांबराच्या भावातून काढू शकत नाही. ते भाव त्याच्या हातात नसतात. ती निघते मालाच्या प्रमाणातून आणि माणसाच्या मजुरीतून. मालाच्या प्रमाणावर निदान प्रयोगशाळेची नजर असते. मजुरीवर कोणाचीच नसते, म्हणून पहिला वार तिथे होतो. कमी दराची पद्धत ठेवायचीच असेल तर मजुरीचा भाग तिच्या स्पर्धेतून बाहेर काढला पाहिजे, म्हणजे ठेकेदाराने नफा, यंत्रे आणि नियोजन यांत चढाओढ करावी, माणसाच्या पोटावर करू नये. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यावी असे कलम होतेच, याची आठवण काही जण करून देतील. होते, पण पोटकंत्राटांचे तुकडे कायद्याच्या संख्यामर्यादेखाली ठेवले की ते कलम कोणाला लागू करायचे हाच प्रश्न उरत असे.

दुसरा आक्षेप मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचा. खासगी निविदा ३६०० कोटींची आली, ती राज्याने नाकारली, १९९६ मध्ये रस्ते विकास महामंडळ काढले, रोख्यांतून पैसा उभा केला आणि काम दोन हजार कोटींच्या आत पुरे करून २००२ पर्यंत संपूर्ण रस्ता खुला केला. सरकार चांगले बांधू शकते, मग रडगाणे कशाला, असे कोणी विचारेल. मी या उदाहरणाचा आदरच करतो. पण ते काय शिकवते? राज्याला कामाची खरी किंमत स्वतःला माहीत होती आणि पैसा हाताशी होता. ग्राहक जाणता असेल तर बांधकाम सुधारते, हे त्यातून दिसते. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेला किंवा गावच्या पुलाला जाणता ग्राहक नसतो, तिथे हे कसे आणायचे, याचे उत्तर द्रुतगती मार्गात नाही.

आता गवंड्याचे दिवस संपले, तयार भाग आणि यंत्रे येत आहेत, असेही म्हटले जाते. मेट्रोच्या खांबांकडे पाहून तसे वाटणे साहजिक आहे. तरी राज्यातली बहुसंख्य घरे, शाळा, लहान पूल आणि रस्ते आजही हातांनीच होतात. आणि तयार भाग जोडतानाही काँक्रीट किती वेळ ओले ठेवायचे, सांधा कसा भरायचा, सळई किती झाकायची, हे माणूसच ठरवतो. यंत्र वाढले की चुकीची किंमत वाढते; त्यामुळे शिकलेल्या हाताची गरज उलट जास्त भासते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या अर्थखात्याने सार्वजनिक कामांसाठी नव्या सूचना काढल्या. काही कामांत केवळ कमी दर न बघता दर्जाला तीस टक्क्यांपर्यंत वजन देता येईल, आणि ठेकेदाराच्या चालू बिलाचा किमान पंचाहत्तर टक्के भाग दहा कामकाजी दिवसांत द्यावा, असे त्यांत आहे. दीर्घ काळानंतर सरकारने बांधकामातल्या पैशाच्या प्रवाहाकडे पाहिले, याचे स्वागत केले पाहिजे. पण हा प्रवाह पुन्हा ठेकेदारापाशी येऊन थांबतो. आपल्या खात्यांच्या मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, खोली आणि दर लिहिले जातात; ते काम कोणी केले आणि त्याला पैसे मिळाले का, यासाठी रकाना नाही. आज मजुराच्या खात्यात पैसे थेट जाऊ शकतात, त्यामुळे तसा रकाना ठेवणे अवघड राहिलेले नाही. राज्याच्या बांधकाम खात्याने निदान आपल्या स्वतःच्या कामांपुरते तीन गोष्टी कराव्यात: आधीच्या बिलाची मजुरी खात्यात जमा झाल्याची नोंद पाहिल्याशिवाय पुढचे बिल काढू नये, दर्जाच्या गुणांत प्रशिक्षित गवंडी आणि सळईकाम करणारे किती आहेत हे मोजावे, आणि उपकरातली पडून असलेली रक्कम नाक्यांवरच्या कामगारांना चालू कामावरच शिकवण्यासाठी वापरावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. खात्याचे एक परिपत्रक पुरेसे आहे.